मध्यरात्रीची घंटा

जानेवारी 1801 मध्ये तंजावरच्या सरफोजीराजांनी कंपनी सरकारचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिलं. राजांचं वय तेव्हा तेवीस. गादीवर बसून अडीच वर्षं झाली होती, आणि राज्य हातातून जाऊन सव्वा वर्ष. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने तंजावरचा मुलूख, वसूल आणि न्यायनिवाडा कंपनीकडे गेला होता. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. अशा वेळी नवा राजा आपल्या मानपानासाठी भांडेल, तोफांच्या सलामीसाठी रुसेल, असं कुणालाही वाटेल. या पत्राचा विषय मात्र छत्रांचा आहे.

छत्र म्हणजे आपल्याकडचं अन्नछत्र. तमिळमध्ये त्याला ‘चत्तिरम्’ म्हणतात. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर भोसले घराण्याने, त्यातही राण्यांनी, ठिकठिकाणी अशी छत्रं बांधली होती आणि त्यांना गावं लावून दिली होती. गावं कंपनीकडे गेली तर छत्रं आपोआप मोडीत निघणार, ही राजांची धास्ती. म्हणून तिथे नेमकं काय चालतं ते त्यांनी पत्रात बारकाईने मांडलं. ते वाचताना आजच्या एखाद्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यालाही आपल्या कामाची यादी वाचतोय असं वाटेल.

वाटसरू कुठल्याही जातीचा असो, ब्राह्मणापासून परयापर्यंत आणि जोगी-जंगमांपर्यंत, त्याला शिजवलेला भात मिळे. शिजवलेलं चालत नसेल त्याला कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून कुणी उपाशी राहिलंय का अशी हाक दिली जाई. प्रत्येक छत्रात शाळा असे आणि वैद्य असे, रोगांचा जाणता आणि विषाचाही, कारण वाटसरूला साप-विंचवाचं भय मोठं. आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचं जेवण, बरा होईपर्यंत. तान्ह्या मुलांना दूध. परमुलखातला कुणी वाटेत वारला आणि मागे पोर उरलं, तर ते पंतोजींच्या हवाली होई. त्याला तीन वेळचं जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालणं, कपडे, शिक्षण आणि थोरपणी लग्नाचा खर्चसुद्धा. गर्भवती बाई छत्रात बाळंत झाली तर बाळंतपण छत्राच्या खर्चाने, आणि पुढे तीन महिने राहायची मुभा. जो मरेल त्याची क्रिया त्याच्या जातीच्या रीतीने.

अन्न, औषध, बाळंतपण, अनाथांचा सांभाळ आणि शेवटची क्रिया, सगळं एकाच दाराआड. हल्ली सरकारी कागदांत ‘एकात्मिक सेवा’ असा शब्द असतो. त्याचा याहून नेटका नमुना मला तरी माहीत नाही. अर्थात इथेही जातीच्या पंगती होत्याच. शिध्याची सोय ही सोवळ्याचीच सोय होती. आणि प्रत्यक्षात प्रत्येक छत्रात हे सगळं तसंच चालत असेल, असं कुणी समजू नये. हे एका राजाने आपल्या दानधर्माची बाजू मांडण्यासाठी लिहिलेलं पत्र आहे. तरीही बाई बाळंत झाल्यावर तिला तीन महिने लागतात हे त्याला ठाऊक आहे, आणि पोराला तेल किती दिवसांनी लागतं तेही. असे तपशील कुणी हवेतून काढत नाही.

पुढच्याच वर्षी, 1802 मध्ये, तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडू इथे राजांनी आणखी एक मोठं छत्र उभारलं, ते मुक्तांबाळच्या नावाने. मुक्तांबाळ ही त्यांची लग्नाची राणी नव्हती, भोगपत्नी होती. तिच्या आठवणीसाठी त्यांनी समाधी बांधली नाही, छत्र बांधलं. सरफोजींच्या कारकिर्दीतली एकच गोष्ट सांगायची ठरली तर मी हीच सांगेन.

सरफोजी घडले ते मोठ्या विचित्र योगायोगांनी. तुळजाराजांनी 1787 मध्ये मृत्यूच्या आधी त्यांना दत्तक घेतलं, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. चुलते अमरसिंह यांनी गादी बळकावली. पोराचा पालक म्हणून उभा राहिला तो ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी. त्याने मुलाला मद्रासला ठेवून शिकवलं, इंग्रजी दिली, भूगोल आणि विज्ञानाची गोडी लावली, आणि कंपनीकडे त्याच्या हक्कासाठी खटपट केली. सरफोजी गादीवर आले 29 जून 1798 ला. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. राजाने त्याच्यासाठी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे: मरणशय्येवरचा पाद्री आणि त्याचा हात हातात घेतलेला मराठा राजा. राजा मात्र शेवटपर्यंत हिंदूच राहिला. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा मराठी इतिहास 1803 मध्ये कोरून घेतला तो याच राजाने.

राज्य नसलेल्या राजाने वेळेचं काय केलं, तर ग्रंथ जमवले, छापखाना काढला, देवनागरीचे खिळे पाडून मराठी पुस्तकं छापली. आणि धन्वंतरी महाल काढला.

या महालाबद्दल आपल्याकडे अभिमानाने बरंच लिहिलं जातं, आणि अभिमानाच्या भरात थोडं जास्तही. ‘भारतातलं पहिलं अमुक, जगातलं पहिलं तमुक’ या फंदात पडायची गरज नाही. जे होतं तेच पुरेसं नवलाचं आहे. आयुर्वेदाचे वैद्य, युनानीचे हकीम, तमिळ सिद्ध परंपरेचे वैद्य आणि युरोपीय पद्धतीने शिकलेले डॉक्टर, चौघांनाही राजांनी एका आस्थापनेखाली आणलं. चौघांची शरीराबद्दलची समजूत वेगळी. वैद्यांचं वात-पित्त-कफ, हकिमांचे चार द्रव, आणि डॉक्टरांचं त्या काळात ठाम असं काहीच नाही, कारण जंतूंमुळे रोग होतात हा शोध लागायला अजून अर्धशतक होतं. यांच्यात वाद लावून दिले असते तर ते आजतागायत चालले असते. राजांनी वेगळी युक्ती काढली. सिद्धांत बाजूला, नुस्खा काय लागू पडतो ते बघा आणि लिहून ठेवा.

लिहून ठेवा, हा या सगळ्याचा कणा. कुठल्या रोग्याला काय दिलं, काय झालं, याच्या नोंदी होत. डोळ्यांच्या रोग्यांची तर केसपत्रं राहिली आहेत आणि सोबत रोगट डोळ्यांची रंगीत चित्रं. चित्रकार तंजावरचेच, देवादिकांचे डोळे रंगवणाऱ्या हातांनी इथे मोतीबिंदू रंगवला. हाडांना हात लावणं धर्मात बसत नव्हतं, म्हणून शरीरशास्त्र शिकायला राजांनी कोरीव सापळा वापरला. सोवळं मोडायचं नाही आणि शिकायचं थांबवायचं नाही, अशी ही खास मराठी तोड आहे.

कसाला उतरलेले नुस्खे पुढे तमिळ पद्यात बांधले गेले. ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ म्हणून ते ओळखले जातात. सरभेंद्र म्हणजे सरफोजी. नेत्ररोग, मधुमेह, दमा-खोकला, गर्भिणी आणि बालकांचे रोग, असे त्यांचे भाग आहेत. आता हे पाहा: राजाची भाषा मराठी, दफ्तर मोडीत, डॉक्टरांशी बोलणं इंग्रजीत, शास्त्र संस्कृतात आणि फारसीत. पण औषध जायचं तमिळ गावात, तमिळ वैद्याच्या हातून. आणि गावातला वैद्य पोथी वाचत बसत नाही, तो पद्य पाठ करतो. म्हणून पद्य, आणि तमिळ पद्य. आरोग्याच्या योजना नेमक्या याच शेवटच्या पायरीवर अडतात, हे दोनशे वर्षांनंतरही आपण अनुभवतो आहोत.

1826 च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. राजा लाव्वाझिए, लिनियस आणि बुफाँ यांच्याबद्दल सहज बोलतो हे पाहून ते चकित झाले. त्यानंतर काही दिवसांतच हेबर तिरुचिरापल्लीला वारले. सरफोजी 7 मार्च 1832 ला गेले. त्यांचे पुत्र शिवाजी 1855 मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनीने उरलासुरला किल्लाही घेतला. सरस्वती महाल ग्रंथालय टिकलं, कारण पुस्तकं कपाटात राहतात. धन्वंतरी महाल गेला. वैद्य-हकिमांना पगार दिला नाही तर ते कपाटात राहत नाहीत.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं भराभर ओलांडू. इंग्रजी आरोग्यव्यवस्था आली ती कप्पे घेऊनच. इस्पितळ वेगळं, देवी टोचणारा वेगळा, कुष्ठरोग्यांची वस्ती वेगळी, देशी वैद्य सगळ्याच्या बाहेर. स्वातंत्र्यानंतर दिल्लीनेही रोगागणिक कार्यक्रम काढले: 1953 मध्ये मलेरिया, 1955 मध्ये कुष्ठरोग, 1962 मध्ये क्षय. प्रत्येकाची जीप निराळी, रजिस्टर निराळं, कारकून निराळा. या पद्धतीला नुसती नावं ठेवून चालणार नाही. देवी याच पद्धतीने गेली. पण देवीची एक लस होती आणि एकदाच टोचायची होती. जो रोग माणसाला जन्मभर सोडत नाही, त्याला एका जीपने काय होणार?

मद्रास इलाख्याने या काळात एक काम मात्र फार चांगलं करून ठेवलं. रोग्याला बरं करणारं खातं आणि रोग होऊच नये म्हणून झटणारं खातं, ही दोन्ही तिथे वेगवेगळी आणि दोन्ही भक्कम राहिली. 1939 चा मद्रास सार्वजनिक आरोग्य कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. पाणी, गटार, साथ, बाळंतपण यांसाठी आयुष्य घालवणाऱ्या अधिकाऱ्यांची एक वेगळी फळीच तमिळनाडूत आहे. पुढे जे घडलं ते या फळीमुळे.

आता 1986. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारात असलेल्या, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातली ही एकुलती एक मुलगी, बाकी सगळे भाऊ. लहानपणी दरवर्षी घरी लस टोचायला येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याला पाहून डॉक्टर व्हावंसं वाटलं, असं त्या सांगत. इतर पोरं त्या माणसाला पाहून पलंगाखाली लपतात. पती डॉ. व्हिक्टर सॉलोमन हृदयशल्यविशारद. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया करून दोघं मद्रासला परतले होते.

अमेरिकेत एड्सची पहिली नोंद होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. ‘तो त्यांचा रोग आहे, आपल्याकडे असलं काही चालत नाही,’ असं आपल्याकडे डॉक्टरसुद्धा म्हणत. मुंबई-पुण्याकडच्या तपासण्यांत काही सापडलं नव्हतं, त्यामुळे या समजुतीला बळच मिळालं. सुनीतीबाईंनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी हाच विषय घ्यायला सांगितलं. निर्मला छोट्या गावातून आलेल्या, संसारी, या विषयाला आधी बिचकणाऱ्या. त्यांनी सुधारगृहात ठेवलेल्या वेश्यांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. हातमोजे नव्हते. नमुने ठेवायला जागा नव्हती म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती. फेब्रुवारीत निर्मला आणि त्यांचे पती बर्फाच्या पेटीत नमुने घेऊन काटपाडीपर्यंत रेल्वेने आणि तिथून रिक्षाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोचले. सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला.

चूक असेल म्हणून त्या बायकांचं रक्त पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. अमेरिकेत पाठवलेल्या नमुन्यांनी शिक्कामोर्तब केलं. मे महिन्यात आरोग्यमंत्री डॉ. हंडे यांनी ही बातमी विधानसभेत सांगितली. एचआयव्ही भारतात आहे हे देशाला कळलं ते असं, एका प्रबंधातून.

सुनीतीबाईंनी पुढे जे केलं त्यात मला छत्राची रीत दिसते. 1993 मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन आणि शिक्षण केंद्र काढलं, लोकांच्या तोंडी ‘वायआरजी केअर’. तिथे नुसती तपासणी नव्हती. तपासणीच्या आधी बोलणं, नंतर बोलणं, क्षयाचा उपचार, घरच्यांची समजूत, मुलांची सोय, संशोधन, सगळं तिथेच. पुढे तर बाधित तरुण-तरुणींची लग्नं जुळवण्याचं कामही त्यांनी हाती घेतलं. निरोगी जोडीदाराला फसवून लग्न लावणारे आईबाप त्यांनी पाहिले होते. त्यापेक्षा दोघांनाही माहीत असलेलं लग्न बरं. पत्रिका बघणाऱ्या देशात त्या रक्तातल्या पेशींचा आकडा बघून स्थळं सुचवत. ही गोष्ट ऐकून हसू येतं, आणि मग येत नाही.

क्षयाचं आणि एचआयव्हीचं नातं तमिळनाडूत तांबरमने दाखवून दिलं. मद्रासजवळचं तांबरमचं आरोग्यधाम 1928 पासून क्षयरोग्यांचं. 1990 च्या दशकात तिथे असे रोगी येऊ लागले ज्यांचा क्षय औषधाने हटेना, कारण त्यामागे दुसराच रोग होता. इतर ठिकाणी दारातून हाकलले गेलेले हे लोक तांबरमने ठेवून घेतले. दोन खाती जोडण्याचा आदेश दिल्लीहून निघण्याआधी दोन्ही रोग एकाच खाटेवर भेटले होते.

सरकारनेही हातपाय हलवले होते. 1994 मध्ये तमिळनाडूने एड्स नियंत्रणासाठी स्वतंत्र नोंदणीकृत संस्था काढली, म्हणजे पैसा सचिवालयाच्या फायलींतून न जाता थेट कामाला लागेल. देशातली ही पहिली. बाकी राज्यांनी नंतर तिचीच नक्कल केली. म्हणजे आधी कप्पा वेगळा करावा लागला. घाई होती, लाज होती, आणि जुन्या खात्यांना या विषयाला शिवायचंही नव्हतं. पण वेगळ्या कप्प्याचा त्रास लवकरच कळला. इस्पितळाच्या कोपऱ्यातल्या एड्सच्या खोलीच्या बाहेर, लाल फितीच्या पाटीखाली, कोण बसलंय ते सारं गाव बघे. गुप्तता ठेवण्यासाठी वेगळी केलेली खोलीच चुगली करू लागली.

मग जोडणं सुरू झालं. गर्भवतींची तपासणी करणारं केंद्र आणि स्वेच्छेने येणाऱ्यांची तपासणी करणारं केंद्र ही वेगवेगळी होती, ती 2006 च्या आसपास देशभर एक झाली. तमिळनाडूत या केंद्रांचं नाव ‘नंबिक्कै मैयम’. नंबिक्कै म्हणजे भरवसा. दारावर रोगाचं नाव नाही, हे ज्याला सुचलं त्याचं कौतुक करायला हवं. क्षयाच्या रोग्याची एचआयव्हीसाठी आणि एचआयव्हीच्या रोग्याची क्षयासाठी तपासणी होऊ लागली. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपणासाठी नाव घालायला आलेल्या बाईचं रक्त रक्तगटासाठी, साखरेसाठी घेतलं जातं, त्यातच ही तपासणी. तिला वेगळ्या रांगेत उभं राहावं लागत नाही. पाटीवर तिचं नाव ‘बाधित’ म्हणून पडत नाही. औषध बाळंतपणाच्या वेळी एक गोळी इथपासून सुरू झालं. 2014 पासून अशा प्रत्येक आईला जन्मभराचा उपचार लागलीच सुरू होतो.

मोफत औषधं 1 एप्रिल 2004 ला देशातल्या आठ इस्पितळांत सुरू झाली. तमिळनाडूत तांबरमला. तंजावरहून तांबरम म्हणजे तीनशे किलोमीटर. रोजंदारी बुडवून, घरी खोटं सांगून, महिन्याला एक खेप. पुढे तंजावर मेडिकल कॉलेजातच केंद्र झालं. शहरातलं जुनं सरकारी इस्पितळ म्हणजे राजा मिरासदार रुग्णालय, आता मुख्यतः बायका-मुलांचं. ‘मिरासदार’ हा आपला शब्द तमिळ रिक्षावाला तिथे दिवसातून वीस वेळा उच्चारतो.

राज्यात 2001-02 मध्ये गर्भवतींमधलं बाधितांचं प्रमाण 1.13 टक्के होतं. 2019-20 मध्ये ते 0.18 वर आलं. हे कुणा एकाचं श्रेय नव्हे, आणि फक्त जोडणीचंही नव्हे. वेश्यांच्या आणि ट्रकचालकांच्या स्वतःच्या गटांनी केलेलं काम यात मोठं आहे. शिवाय जोडणीला तिची किंमत आहेच. सर्वसाधारण रांगेत रोग लपतो, पण तिथल्या थकलेल्या नर्सला त्या रोग्याशी कसं बोलावं हे शिकवलेलं नसतं. समुपदेशक कंत्राटावर, पगार तुटपुंजा, आणि निधी आटला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. धन्वंतरी महालाचं जे झालं ते आठवून पाहा.

सुनीती सॉलोमन 28 जुलै 2015 ला चेन्नईत वारल्या. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना त्या गायतोंडे होत्या हे माहीत असेल.

शेवटी एक मागणं. तंजावरच्या मराठा दफ्तरातल्या निवडक मोडी कागदांचे अनुवाद तीन खंडांत छापले, ते तिथल्या तमिळ विद्यापीठाने, तमिळमध्ये. वैद्यांचे पगार, औषधांच्या याद्या, छत्रांचे जमाखर्च हे आपल्याच भाषेत आणि आपल्याच लिपीत लिहिलेले कागद आज तमिळ वाचक वाचू शकतो, आपण नाही. सरस्वती महालात मोडीचे शेकडो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग दरवर्षी भरतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. त्यांतल्या चार-दोन जणांनी सहा महिने काढून तंजावरला जावं. राहायची सोय करावी लागेल. छत्रं आता चालत नाहीत.